स्टिरॉइड : लोकांचे समज आणि वस्तुस्थिती



दिवसभराच्या उन्हात होरपळून निघाल्यावर संध्याकाळी घरी पंख्याखाली बसावे असे कोणालाही वाटेल. तसे असूनही आपण एवढ्या संख्येने येथे आलात, याबद्दल प्रथम आम्ही आपले आभार मानतो. या व्यासपीठावरून आजवर विद्वानांची व्याख्याने झाली. आम्ही विद्वान नाही, डॉक्टर तर नाहीच नाही. हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रावर काम करीत आमची उमेद गेली आणि पुढे कामगारांच्या संघटनेचे काम गळ्यात पडले. शाळा लवकर सुटली. जे वाचले ते रात्रपाळीच्या मधल्या सुट्टीत आणि वाचनालयात वाचले. चालकांनी आम्हांस विषय विचारला तेव्हा त्यांना वाटले असावे की, आम्ही किमान वेतन किंवा कंत्राटी पद्धत यांवर बोलू. आम्ही म्हणालो, "आम्हांला स्टिरॉइडवर बोलायचे आहे." चालक क्षणभर आमच्याकडे पाहतच राहिले.

डॉक्टरांचा विषय आम्ही का घ्यावा, याचे कारण आधी सांगितले पाहिजे. ते सांगणे सुखाचे नाही. पण ते न सांगता पुढचे बोलणे अप्रामाणिकपणाचे होईल.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमचा एक सहकारी धातूच्या वस्तूंना चकाकी देण्याच्या खात्यात होता. चाकावर भांडे धरले की बारीक धूळ उडते आणि ती नाकातोंडात जाते. त्याला दम्याचा विकार जडला. डॉक्टरांनी तपासून त्याला रोज सकाळ-संध्याकाळ ओढायचा पंप लिहून दिला. तो कागद घेऊन तो आमच्याकडे आला आणि म्हणाला, "भाऊ, यात स्टिरॉइड हाय म्हणते मेडिकलवाला. घेऊ का नको?" आम्ही काय सांगावे? आम्हांला त्यातले ओ की ठो कळत नव्हते. पण पुढाऱ्याला "ठाऊक नाही" असे म्हणण्याची सवय नसते. आम्ही छातीठोकपणे सांगितले, "स्टिरॉइड असेल तर लांबच राहा. एकदा सवय लागली की जन्मभर सुटत नाही. हाडे पोकळ होतात." त्याने ऐकले. आमचे सगळेच तो ऐकत असे.

त्याने रोजचा पंप सोडला आणि धाप लागली की तेवढ्यापुरता ओढायचा निळा पंप जवळ ठेवला. दोन वर्षे तशीच गेली. मग एका हिवाळ्यात रात्रपाळीला त्याला असा झटका आला की ओठ निळे पडले. निळा पंप पाच-सहा वेळा ओढूनही काही होईना. गाडीत घालून इस्पितळात नेले. चार दिवस तो अतिदक्षता विभागात होता. पाचव्या दिवशी आम्ही तेथील तरुण डॉक्टरांना विचारले, "साहेब, याला वाचवले कशाने?" ते म्हणाले, "प्राणवायू, श्वासनलिका मोकळ्या करणारी औषधे आणि स्टिरॉइड. रोज थोडे थोडे श्वासावाटे घेतले असते, तर आज शिरेतून एवढे द्यावे लागले नसते."

मित्रहो, त्या वाक्याने आम्ही खाली बसलो. ज्या औषधापासून आम्ही त्याला दोन वर्षे दूर ठेवले, त्याच औषधाने तो वाचला होता. तेव्हापासून या विषयावर जे मिळेल ते वाचायचे आणि जे कळणार नाही ते डॉक्टरांना विचारायचे, असा आम्ही परिपाठ ठेवला. आज आपल्यापुढे जे मांडतो आहोत, ते त्या वाचनाचे आणि विचारपुशीचे सार आहे.

आता मुळाशी जाऊ. स्टिरॉइड हे एका औषधाचे नाव नाही. ते एका मोठ्या कुळाचे नाव आहे. या कुळातील प्रत्येक पदार्थाचा सांगाडा सारखा असतो : कार्बनच्या अणूंची चार कडी, तीन षट्कोनी आणि एक पंचकोनी, एकमेकांना जोडलेली. ज्याच्या नावाने आपण तुपाचा चमचा मागे ठेवतो ते कोलेस्टेरॉल याच कुळातले. पुरुषाला दाढीमिशा देणारा रस याच कुळातला आणि स्त्रीचा मासिक धर्म चालविणारे रसही याच कुळातले. आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या दोन ग्रंथी असतात. त्या रोज कॉर्टिसॉल नावाचे स्टिरॉइड तयार करतात. पहाटे-सकाळी जास्त आणि रात्री कमी. ते नसेल तर माणूस जगू शकत नाही. तेव्हा "आमच्या अंगात आम्ही स्टिरॉइड जाऊ दिले नाही" असे जे अभिमानाने म्हणतात, त्यांच्या अंगात ते या घटकेलाही आहे.

या कुळाच्या दोन शाखा आपल्या कामाच्या आहेत आणि लोकांचा सारा घोटाळा या दोन शाखा एक समजण्यातून झाला आहे. पहिली शाखा कॉर्टिसॉलची. सूज, दाह आणि शरीराची स्वतःवरच उलटलेली प्रतिकारशक्ती यांना ती आवर घालते. दमा, संधिवात, काही त्वचारोग आणि मूत्रपिंडाचे काही विकार यांत डॉक्टर देतात ते हे. प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, बुडेसोनाइड ही त्यातली नावे. दुसरी शाखा पुरुषरसाची. तालमीत आणि व्यायामशाळेत स्नायू फुगविण्यासाठी जी चोरून टोचतात ती ही. पहिल्या शाखेने स्नायू वाढत नाहीत. दीर्घकाळ घेतल्यास उलट झिजतात. असे असता, दम्याच्या पोराला पंप दिला की आई म्हणते, "ते पहिलवानांचे औषध माझ्या लेकराला नको." गल्लीत एकाच आडनावाची दोन घरे असावीत आणि एकाच्या कर्जासाठी दुसऱ्याच्या दाराशी वसुलीवाला उभा राहावा, तसा हा प्रकार आहे.

पहिल्या शाखेचा इतिहास ऐकण्यासारखा आहे. अमेरिकेत मिनेसोटा प्रांतात मेयो क्लिनिक म्हणून संस्था आहे. आपल्या नागपूरचे मेयो ते वेगळे. तेथील डॉ. फिलिप हेंच यांनी पाहिले की, संधिवाताच्या रोग्याला कावीळ झाली किंवा स्त्रीला दिवस गेले, तर सांधे काही काळ सुटतात. त्या अवस्थेत शरीरातच काही तरी निर्माण होत असले पाहिजे, असे त्यांनी ताडले. त्यांचे सहकारी एडवर्ड केंडल अधिवृक्क ग्रंथींतील रसांचा शोध घेत होते. १९४८ च्या सप्टेंबरात संधिवाताने जखडलेल्या एका तरुण स्त्रीला त्यांनी हा पदार्थ टोचला. जिला अंथरुणातून उठणे कठीण होते, ती थोड्याच दिवसांत चालू लागली. १९५० साली हेंच, केंडल आणि स्वित्झर्लंडमधील टाडेउश राइखश्टाइन यांना या कामासाठी नोबेल पारितोषिक मिळाले.

परंतु जगाने "चमत्कार, चमत्कार" म्हणून टाळ्या पिटल्या आणि लवकरच त्याची दुसरी बाजू दिसू लागली. मोठ्या मात्रेत महिनोन्‌महिने औषध घेणाऱ्यांचे चेहरे चंद्रासारखे वाटोळे झाले, रक्तातील साखर वाढली, हाडे ठिसूळ झाली आणि औषध थांबवताच दुखणे परत आले. म्हणजे या औषधाचे अमृतपण आणि विषपण ही दोन्ही पहिल्या काही वर्षांतच जगाला कळून चुकली होती. डॉक्टरी विद्येने पुढची सारी वर्षे मात्रा, मुदत आणि मार्ग यांचा हिशेब बसविण्यात घालविली. लोकांनी मात्र तो हिशेब बाजूस ठेवून दोन टोके तेवढी धरली : एकाच्या मते ते विष, दुसऱ्याच्या मते ते जादू.

आधी विष म्हणणाऱ्यांचे पाहू.

दम्याचा पंप घ्या. त्यातील औषध मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. ग्रॅमचा दशलक्षावा भाग म्हणजे एक मायक्रोग्रॅम. पंपाचे एक माप, समजा, २०० मायक्रोग्रॅमचे आहे. प्रेडनिसोलोनची एक लहान गोळी ५ मिलिग्रॅमची, म्हणजे ५,००० मायक्रोग्रॅमची असते. एका गोळीत पंचवीस मापे झाली, आणि झटका आला की अशा सात-आठ गोळ्या रोज द्याव्या लागतात. औषधे वेगवेगळी असल्याने हा हिशेब ढोबळ आहे, पण प्रमाणाची कल्पना यावी म्हणून सांगितला. शिवाय पंपातले औषध बव्हंशी फुप्फुसातच काम करते. ओढल्यावर चूळ भरून टाकली की घशाला बुरशी लागण्याचा धोका कमी होतो. त्याची नशा नाही, चटक नाही. पंप रोज लागतो तो सवय लागल्यामुळे लागत नाही. दमा रोजचा आहे म्हणून लागतो. चष्मा रोज लावावा लागतो, म्हणून डोळ्यांना चष्म्याचे व्यसन लागले असे कोणी म्हणते काय?

निळा पंप वेगळा. तो श्वासनलिका तात्पुरती मोकळी करतो, आतली सूज तशीच राहते. तो झटपट गुण देतो म्हणून लोकांचा आवडता. रोजचा पंप सावकाश काम करतो म्हणून नावडता. आमच्या सहकाऱ्याचा जीव याच आवडीनिवडीत जाणार होता.

दुसरे उदाहरण बाळंतिणीचे. दिवस भरण्याआधी कळा सुरू झाल्या तर पोटातल्या बाळाची फुप्फुसे कच्ची असतात. १९७२ साली न्यूझीलंडमधील लिगिन्स आणि हाउई या दोन डॉक्टरांनी दाखवून दिले की, आईला वेळेवर स्टिरॉइड टोचले तर बाळाची फुप्फुसे लवकर पिकतात आणि मृत्यू कमी होतात. आपल्या भारत सरकारनेही २०१४ साली सूचना काढून, अशा बाईला मोठ्या इस्पितळात पाठविण्यापूर्वी डेक्सामेथासोनची पहिली मात्रा देण्याची मुभा उपकेंद्रातील परिचारिकेला दिली. ती सुई काही रुपयांची आहे. "बाळंतिणीला स्टिरॉइड टोचले" म्हणून भांडायला उठणाऱ्या नातेवाइकांनी हे ध्यानात ठेवावे.

तिसरे उदाहरण आपल्या विदर्भाच्या जिव्हाळ्याचे. वरोऱ्याजवळचे बाबा आमट्यांचे आनंदवन आपणांस ठाऊक आहे. कुष्ठरोगाचे जंतू औषधाने मरतात. परंतु काही रोग्यांच्या शरीरात त्या जंतूंविरुद्ध असा भडका उठतो की नसा सुजतात आणि हाताची बोटे वाकतात, पाऊल लुळे पडते. त्या भडक्यात वेळीच प्रेडनिसोलोन मिळाले, तर पुष्कळदा नस वाचते आणि हात वाचतो. ज्या हाताने कामगाराने हातोडा धरायचा, तो हात वाचविणाऱ्या औषधाला सरसकट विष कसे म्हणावे?

आता दुसरे टोक. स्टिरॉइडला जादू समजणाऱ्यांचे. येथे आम्हांला आमच्याच लोकांविषयी बोलायचे आहे.

आमच्या वसाहतीत काम करणारा कंत्राटी कामगार वानाडोंगरीला, निलडोहला, इसासनीला भाड्याच्या खोलीत राहतो. माल चढविता-उतरविता त्याची कंबर धरते, गुडघा सुजतो. तो संध्याकाळी जवळच्या कोणाकडे तरी जातो. तेथे एक सुई आणि कागदात बांधलेल्या चार पुड्या मिळतात. पुडीत काय आहे ते कागदावर लिहिलेले नसते. सकाळी तो टुणकन उठतो आणि कामावर हजर होतो. आम्ही एकाला रागे भरलो, तर तो म्हणाला, "भाऊ, घरी बसलो तं हजेरी जाते. दोन दिवस नाई गेलो तं ठेकेदार दुसरा माणूस उभा करते. तुमी सांगा, पुडी नाई खाऊ तं काय खाऊ?" आमच्याकडे उत्तर नव्हते. ज्यांना कर्मचारी राज्य विम्याचे कार्ड आहे त्यांना आजारपणात सरासरी मजुरीच्या ७० टक्के रक्कम, वर्षातून ९१ दिवसांपर्यंत, मिळू शकते. पण आजाराच्या नव्या खेपेस पहिले दोन दिवस त्यात धरीत नाहीत. नेमके तेच दोन दिवस कंबर शेकत पडून राहण्याचे असतात! ज्याच्याकडे कार्डच नाही, त्याचे तर बोलायलाच नको. यास्तव पुडी खाणाऱ्याला अडाणी म्हणून हिणवू नये. त्याच्या अडाणीपणापेक्षा त्याची बुडणारी हजेरी त्याला तिकडे ढकलते.

पण त्या पुडीचे पुढे काय होते? सांधेदुखीच्या अशा बेनामी पुड्यांत, "जडीबुटी" म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक चूर्णांतही, स्टिरॉइड मिसळलेले अनेकदा तपासणीत सापडले आहे. ते महिनोन्‌महिने पोटात गेले की मूत्रपिंडांवरच्या त्या दोन ग्रंथी आपले काम थांबवितात. बाहेरून माल येतो म्हटल्यावर घरचा कारखाना बंद पडतो. मग एखादे दिवशी पुडी संपते, किंवा कोणी आमच्यासारखा शहाणा म्हणतो, "फेकून दे ती," आणि माणूस एकदम बंद करतो. घरचा कारखाना लगेच सुरू होत नाही. उलट्या होतात, रक्तदाब उतरतो, ग्लानी येते. वेळेवर उपचार मिळाला नाही तर मृत्यूही ओढवतो. म्हणून काही आठवडे घेतलेले स्टिरॉइड स्वतःच्या मनाने तोडू नये. डॉक्टर सांगतील तसे पायरीपायरीने उतरावे. चालत्या यंत्राचा पट्टा हाताने ओढून थांबवायचा नसतो, हे आमच्या कामगारांना वेगळे शिकवावे लागत नाही.

भगिनींसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. नायटा झाला, खाज सुटली की दुकानातून दहा-वीस रुपयांची नळी आणून चोळतात. चेहरा उजळावा म्हणूनही चोळतात. त्यातील कित्येक नळ्यांत तीव्र स्टिरॉइड असते. खाज दोन दिवसांत थांबते, कारण दाह दबतो. पण नायट्याची बुरशी दबत नाही. तिला मोकळे रान मिळते आणि मांडीवरचा नायटा पाठीवर पसरतो. चेहऱ्याची त्वचा पातळ होते, लाल पडते, बारीक शिरा दिसू लागतात आणि मलम थांबविले की आगीसारखी जळजळ होते. देशातील त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने यासाठी वर्षानुवर्षे आवाज उठविला; तेव्हा २०१८ च्या मार्चमध्ये सरकारने अशी चौदा स्टिरॉइडे चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. नियम झाला. आता दुकानात जाऊन आपण काय मागतो आणि दुकानदार काय देतो, ते आपले आपण पाहावे.

आता २०२१ सालाकडे वळतो. त्या एप्रिल-मे महिन्यांत नागपूरने जे पाहिले ते येथे बसलेल्यांपैकी कोणाला विसरता येईल असे वाटत नाही. मेडिकल, मेयो, लता मंगेशकर इस्पितळ, कोठेच खाट मिळेना. त्या आधीच्या वर्षी, १६ जून २०२० रोजी, इंग्लंडातील एका मोठ्या चाचणीचा निकाल जाहीर झाला होता. डेक्सामेथासोन, रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस. कृत्रिम श्वासोच्छ्वासावर असलेल्या रोग्यांचे मृत्यू त्याने एक-तृतीयांशाने घटले. प्राणवायू लागणाऱ्यांचे एक-पंचमांशाने घटले. आणि ज्यांना प्राणवायू लागत नव्हता त्यांना काहीच लाभ झाला नाही. या निकालाचे तिसरे कलम सर्वांत महत्त्वाचे होते. पण दूरध्वनीवरून गावभर फिरलेल्या चिठ्ठ्यांत ते नव्हते.

एका रोग्याची चिठ्ठी दुसऱ्याच्या दूरध्वनीवर गेली, तेथून तिसऱ्याच्या. आमच्या संघटनेचे कार्यकर्ते तेव्हा रोग्यांना औषधे पोचविण्याचे काम करीत होते. त्या चिठ्ठ्यांवरची औषधे त्यांनीही आणून दिली. आम्हीच त्यांना "पळा, लवकर आणा" म्हणत होतो. आमच्या वस्तीतील पन्नाशीच्या एका कामगाराला ताप होता, प्राणवायूची पातळी चांगली होती. पण मधुमेह जुना. शेजाऱ्याच्या चिठ्ठीवरून त्याने पहिल्या दिवसापासून स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू केल्या आणि पंधरा दिवस घेतल्या. साखर कोणी तपासली नाही. ताप गेला. मग गाल दुखू लागला, डोळा सुजला. शस्त्रक्रिया झाली, जीव वाचला, डोळा गेला. आज तो पहारेकरी आहे. भेटला की हसून "रामराम भाऊ" म्हणतो. आम्हांला मात्र त्याच्याकडे सरळ पाहवत नाही.

हा रोग म्हणजे म्युकरमायकोसिस. लोक त्याला काळी बुरशी म्हणू लागले. वास्तविक ती बुरशी काळी नसते. तिने रक्तपुरवठा तोडलेले मांस काळे पडते. ती या माणसाची त्या माणसाला लागतही नाही. ती मातीत, शिळ्या अन्नावर, सगळीकडे असते. निरोगी शरीर तिला थारा देत नाही. वाढलेली साखर आणि जादा स्टिरॉइडने दबलेली प्रतिकारशक्ती एकत्र आली की तिला दार उघडे सापडते. जुलै २०२१ पर्यंत देशात ४५ हजारांहून अधिक लोकांना हा रोग झाला आणि ४,३०० हून अधिक मृत्यू पावले. सर्वाधिक रुग्ण गुजरात आणि आपल्या महाराष्ट्रात होते. त्याच वर्षी मुंबईच्या डॉक्टरांनी आणखी एक धोका नोंदविला. करोनात स्टिरॉइड घेतलेल्या काही तरुणांच्या खुब्याचे हाड रक्ताअभावी मरू लागले होते.

वाचता वाचता आम्हांला एक गोष्ट सापडली, ती सांगितल्यावाचून राहवत नाही. प्रथम हे औषध बैलाच्या पित्तापासून अनेक किचकट पायऱ्यांनी काढावे लागे आणि ते फार महाग होते. १९५२ साली अमेरिकेतील रसायनशास्त्रज्ञांनी त्यातील अवघड पायरी एका बुरशीकडून करून घेतली आणि ते स्वस्त होण्याची वाट खुली झाली. त्या बुरशीचे नाव ऱ्हायझोपस. म्युकरमायकोसिसला कारण होणाऱ्या बुरशींत आपल्या देशात प्रमुख आहे तीही ऱ्हायझोपसच. एकाच कुळाने औषध स्वस्त केले आणि त्याच कुळाने त्या स्वस्त औषधाच्या बेहिशेबी वापराचे मोल वसूल केले. यात दैवाचा खेळ शोधण्याचे कारण नाही. मात्रा आणि मुदत यांचा हिशेब सोडला की काय होते, एवढेच त्यातून घ्यावे.

आता दुसरी शाखा, पहिलवानांची. विदर्भाला व्यायामाची मोठी परंपरा आहे. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासूनचे. जोर, बैठका, लाल माती, दूध-बदाम यांवर पिढ्या घडल्या. आज गल्लीगल्लीत व्यायामशाळा आहेत, आरसे आहेत आणि तीन महिन्यांत छाती फुगवून देणारे गुरूही आहेत. पुरुषरस प्रयोगशाळेत १९३५ साली तयार झाला. त्याचे गोळीतले भावंड, मेथॅन्डिएनोन, १९५८ साली अमेरिकेत बाजारात आले. १९८८ साली सोल ऑलिंपिकमध्ये शंभर मीटर ९.७९ सेकंदांत धावलेल्या बेन जॉन्सनचे सुवर्णपदक याच शाखेतल्या औषधापायी काढून घेतले गेले. आपल्या महाराष्ट्राचेही उदाहरण आहे. २०११ ते २०१३ अशी लागोपाठ तीन वर्षे महाराष्ट्र केसरी ठरलेला नरसिंग यादव रिओ ऑलिंपिकला निघाला असता, २०१६ च्या जुलैत त्याच्या नमुन्यात मेथॅन्डिएनोन सापडले. आपल्या खाण्यापिण्यात कोणी तरी ते मिसळले, असे त्याचे म्हणणे होते. देशातील समितीने ते मानले. आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने मानले नाही आणि १८ ऑगस्ट २०१६ रोजी त्याच्यावर चार वर्षांची बंदी घातली. खरे-खोटे ठरविणारे आम्ही कोण? पण १९५८ च्या त्या गोळीने जवळजवळ साठ वर्षांनंतरही महाराष्ट्राच्या एका मल्लाची ऑलिंपिकमधली कुस्ती आखाड्याबाहेरच संपविली, एवढे खरे.

तालमीतल्या पोरांना आम्ही सांगतो : बाबांनो, या औषधाने स्नायू वाढतात, हे खोटे नाही. खोटे सांगून भीती घातली की तुम्ही खऱ्यावरही विश्वास ठेवीत नाही. पण बाहेरून पुरुषरस आला की अंगातला बनायचा थांबतो. वृषण आकसतात, मूल होण्यात अडचण येते, छातीवर स्तनासारखी गाठ येते, यकृत बिघडते, हृदयाचे स्नायू जाड होतात. बाहेरून भरलेला दिसणारा देह आतून रिकामा होत जातो. दुधापासून केलेली प्रथिनांची भुकटी म्हणजे स्टिरॉइड नव्हे, हेही सांगतो. मात्र खात्री नसलेल्या डब्यात काय मिसळले आहे, ते डबा पाहून कळत नाही.

मित्रहो, तात्पर्य काय? आम्ही आमच्या संघटनेत चार प्रश्न पाठ करवून घेतले आहेत. औषध देणाऱ्याला विचारायचे : या औषधाचे नाव काय? हे कशासाठी आणि किती दिवस? थांबवायचे कसे, एकदम की उतरत उतरत? आणि माझी साखर, माझा रक्तदाब केव्हा तपासायचा? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही, असा आमचा अनुभव आहे. जो नाव लिहून द्यायला तयार नाही त्याची पुडी घेऊ नये. एकाची चिठ्ठी दुसऱ्याने वापरू नये. आणि डॉक्टरांनी विचारपूर्वक दिलेले औषध कोणा पुढाऱ्याच्या सांगण्यावरून बंद करू नये. मग तो पुढारी आम्ही का असेना.

पण एवढ्यावर थांबलो तर आम्ही सारा भार एकट्या रोग्याच्या डोक्यावर टाकल्यासारखे होईल. आमच्या त्या सहकाऱ्याच्या कारखान्यात पंपसुद्धा खिशात ठेवू देत नसत. कपाटात ठेवा म्हणत. कपाट फाटकाजवळ आणि माणूस चाकाजवळ. आम्ही भांडलो आणि पंप खिशात ठेवण्याची परवानगी मिळविली. पुढे धूळ ओढून घेणारा पंखा बसवून घेतला. तो पंखा बसायला चौदा महिने लागले. पंखा बसला तेव्हा त्या खात्यातील एक म्हातारा कामगार आम्हांस म्हणाला, "भाऊ, हेच औषध आधी द्यायला पाह्यजे होतं." त्याचे म्हणणे बरोबर होते. धूळ थांबली असती तर दमा बळावला नसता. दोन दिवसांची पगारी रजा असती तर पुडी लागली नसती. जवळच्या सरकारी दवाखान्यात संध्याकाळी डॉक्टर असता तर सुईवाल्याकडे रांग लागली नसती. स्टिरॉइडचा प्रश्न औषधाच्या दुकानात जेवढा आहे, तेवढाच तो कारखान्यात आणि हजेरीपटावर आहे.

आमचा तो दम्याचा सहकारी आज रोज सकाळ-संध्याकाळ पंप ओढतो, चूळ भरतो आणि कामावर जातो. गेली काही वर्षे त्याला मोठा झटका आलेला नाही. आम्ही त्याची क्षमा मागितली तेव्हा तो म्हणाला, "जाऊ द्या जी भाऊ, तुमालेबी कोनी सांगतलं नव्हतं." त्याच्या त्या वाक्याखातर आम्ही आज येथे उभे राहिलो. आम्हांला जे कोणी वेळेवर सांगितले नाही, ते आपणांस सांगावे, एवढाच हेतू होता. आपणही घरी जाऊन आणखी एकाला सांगावे.